वासुदेव गायतोंडे यांचीं चित्रें : आख्यायिका आणि अस्सल पुरावा

एका अमूर्त चित्रकारावरील लेख या त्रैमासिकांत पाहून कित्येक वाचकांच्या भुंवया वर चढतील हें प्रस्तुत लेखक जाणून आहे. येथें यावयाचे ते कागद, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि पोथ्या. ज्या चित्रांत देव नाहीं, माणूस नाहीं, झाड नाहीं, आणि ज्यास कर्त्यानें नांवहि ठेविलें नाहीं, त्याचा इतिहाससंशोधनाशीं संबंध काय, हा प्रश्न मलाहि पूर्वीं पडत असे व त्याचें उत्तर मी बरेंच तुच्छतेनें देत असें. तें मत कां बदललें हें सांगावयाचें तर आरंभ मुंबईपासून अगर दिल्लीपासून न करितां आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवापासून करणें भाग आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं मांडलें. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथांत तगराहून भडोच बंदराकडे कापड जात असल्याचा उल्लेख आहे. पण तेरचें वैभव ग्रंथांतल्या उल्लेखापेक्षां तेथील मातींत अधिक आहे. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरीच्या टेकाडांवर व शेतांतून हिंडून जो संग्रह जमविला तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको. मणी, साचे, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, खापरें आणि ती सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ति! यांपैकीं एकाहि वस्तूवर कर्त्याचें नांव नाहीं. तरीहि आपण त्या वाचतों. बाहुलीच्या दोन्ही कुशींवर सांध्याची बारीक रेघ दिसली कीं ती दुहेरी साच्यांतून काढलेली आहे असें म्हणतों. खापराच्या तुटलेल्या कडेवरून माती कशी मळली, लेप कधीं दिला व आंच कोठपर्यंत पोंचली हें ठरवितों. खापरावर काढलें काय आहे, असें कोणी विचारीत नाहीं. तें घडलें कसें, असें विचारतो. हीच संवय अंगवळणी पडलेला मनुष्य गायतोंडे यांच्या चित्रापुढें उभा राहिला तर काय होईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत मी गेलों होतों तो सचित्र पोथ्यांच्या कामासाठीं. तेथेंच जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहांतील आधुनिक चित्रें मांडलेलीं होतीं व त्यांत गायतोंडे यांचें काम होतें. समोरून पाहिलें तेव्हां रंगाचें एक मोठें शांत आवरण दिसलें आणि मी पाठ फिरविली. परत जातांना तेंच चित्र बाजूनें, तिरप्या उजेडांत दिसलें. त्या आवरणावर चढउतार होते. कोठें रंग दाटून गांठ झालेली, कोठें कांहीं तरी उचलून घेतल्यासारखा कांठ, कोठें खालचा रंग वरच्यांतून डोकावणारा. पोथीचें पान हातीं आल्यावर आपण तें जसें आधीं उजेडाकडे तिरपें धरतों, तशीच ही पाहणी नकळत झाली होती. त्यानंतर मीं त्यांचीं मिळतील तीं चित्रें, छायाचित्रें व त्यांजविषयींचें लिखाण पाहूं लागलों.

चरित्र थोडक्यांत सांगतों. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म नागपुरास १९२४ सालीं झाला. घराणें मूळचें गोमंतकाकडील. बालपणानंतरचा काळ गिरगांवांतील चाळींत गेला. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेची पदविका १९४८ त मिळाली. १९४७ त स्थापन झालेल्या प्रागतिक चित्रकारांच्या संघांत ते १९५० मध्यें आले. १९५७ सालीं तोक्यो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनांत त्यांस पारितोषिक मिळालें, १९६४ त रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ त पद्मश्री झाले, १९७२ त मुंबई सोडून दिल्लीस राहावयास गेले, आणि २००१ च्या ऑगस्टांत वारले. २०१४-१५ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या समग्र कामाचें प्रदर्शन भरविलें. त्या प्रदर्शनाच्या शीर्षकांतच चित्रण ही प्रक्रिया होय असें म्हटलें होतें, आणि तें मला योग्य वाटतें.

आतां खरी अडचण. गायतोंडे यांजविषयीं जें लिहिलें जातें त्याचा फार मोठा भाग आख्यायिकांचा आहे. ते बोलत नसत. तासचे तास समुद्राकडे पाहत बसत. दिल्लींतील लहानशा घरांत एकटे राहत. वर्षाकांठीं पांचसातच चित्रें करीत. कोणी आलेलें त्यांस खपत नसे. यांतील पुष्कळ गोष्टी खऱ्या असतील, किंबहुना आहेतच. त्यांच्या सहवासांत आलेले चित्रकार त्या सांगत आले आहेत. पण सांगणारा बदलला कीं मौन वाढतें, खोली लहान होते आणि समुद्र जवळ येतो. हा प्रकार आम्हां बखरी वाचणारांस नवा नाहीं. राजवाडे यांनीं १८९८ मध्यें 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडास जी प्रस्तावना जोडली, तींत बखरींची जी झडती घेतली आहे, तिचा मथितार्थ हाच कीं सांगोवांगीची वार्ता कितीहि गोड असली तरी समकालीन अस्सल कागदापुढें तिची किंमत नाहीं. मग चित्रकाराच्या बाबतींत अस्सल कागद कोणता?

कांहीं चित्रकार हा प्रश्न सोपा करून ठेवितात. प्रभाकर बरवे यांनीं 'कोरा कॅनव्हास' हें पुस्तक १९९० त प्रसिद्ध केलें. शिवाय ते वर्षानुवर्षें रोजनिशा लिहीत, चित्राची कल्पना सुचल्यापासून ती कशी फिरत गेली तें टिपून ठेवीत. २०१९ त मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या चित्रांबरोबर त्या वह्याहि मांडल्या होत्या. हस्तलिखितांच्या संग्राहकास याहून दुसरें काय हवें! गायतोंडे यांनीं असें कांहीं मागें ठेविलें नाहीं म्हटलें तरी चालेल. थोड्या मुलाखती, उतारवयांत सुनील काळदाते यांनीं काढलेला एक लघुपट, इतकेंच. तेव्हां त्यांच्या बाबतींत अस्सल कागद एकच, तो म्हणजे खुद्द चित्राचा पृष्ठभाग. आणि तो वाचण्याची रीत आपणांस परकी नाहीं असें माझें म्हणणें आहे.

त्यांच्या प्रौढ काळांतील कामाची पद्धति साधारणपणें अशी. ते कुंचल्याचा उपयोग फार कमी करीत. तेलरंग पातळ करून रोलरनें मोठ्या कॅनव्हासवर पसरीत. तो ओला असतांनाच रंग ओढण्याच्या बोथट सुरीनें कांहीं भाग सारीत अगर खरवडून घेत. एक थर जिरला कीं त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पुढें पुढें ते वर्तमानपत्रांचे व मासिकांचे कातरलेले तुकडे रंगावर दाबून उचलूं लागले. कागद निघून येई, त्याचा कांठ व त्यानें सोडलेला रंग मागें राही. जुन्या पोथ्या हाताळणारांस याच्याशीं मिळतीजुळती एक गोष्ट ठाऊक आहे. दमट हवेंत समोरासमोरचीं दोन पानें चिकटतात व एकाची शाई दुसऱ्यावर उलटी उमटते. पोथींत तो अपघात असतो. गायतोंडे तोच अपघात बोलावून आणीत. कागदाचा तुकडा कोठें ठेवावयाचा हें त्यांच्या हातीं होतें, तो उचलल्यावर नेमकें काय उरेल हें पूर्णपणें त्यांच्याहि हातीं नव्हतें. चित्राचा कस लागतो तो या दोहोंच्या मधल्या जागेंत.

दुसरें उदाहरण हरताळाचें. लेखकाची चूक झाली म्हणजे अक्षरावर हरताळ लावून त्यावर नवें अक्षर लिहीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यावरूनच निघाला. पण हरताळ लावलेलें पान उजेडासमोर धरलें कीं खालचें अक्षर कित्येकदां दिसतें आणि मग पाठभेदाची खरी मौज सुरू होते. गायतोंडे यांच्या चित्रांतहि वरचा थर खालच्यास झांकतो पण मोडीत काढीत नाहीं. पिवळ्याच्या आंत तांबडा, राखाडीच्या आंत निळा, असा एक उजेड आंतून येत राहतो, आणि लोक ज्यास त्यांच्या रंगांचें गूढ तेज म्हणतात तें बहुतांशीं या थरांच्या पातळपणाचें फळ आहे. अर्थात् उपमा ताणूं नये. पोथीचा लेखक चूक सुधारीत होता. गायतोंडे यांच्या खालच्या थराला चूक म्हणतां येत नाहीं, कारण वरचा थर त्याच्यावांचून निर्जीव झाला असता.

थरांचा क्रम लावतां येतो कीं नाहीं हें पाहण्याचा मीं स्वतः यत्न केला. संशयित कागद तपासतांना आपण पाहतों कीं शिक्क्यावर शाई आहे कीं शाईवर शिक्का. त्याच न्यायानें, रंगाच्या गांठीभोंवतीं नंतरचा पातळ रंग साचून कडें झालें असेल तर गांठ आधींची. गांठीखालून रंगाची झांक अखंड जात असेल तर गांठ मागाहूनची. १९७० नंतरचे जे उभे पट मीं जवळून पाहिले त्यांत कांहीं गांठी अगदीं आरंभींच्या व कांहीं अगदीं शेवटच्या निघाल्या, आणि त्या एकमेकींस तोलून धरतात. यावरून एवढें तरी म्हणतां येईल कीं पार्श्वभूमि आधीं तयार करून त्यावर आकार मागाहून मांडले असें तें काम नव्हे. आवरण आणि आकार बरोबरीनें वाढलेले आहेत. पुष्कळ टीकाकार 'शांत पृष्ठभागावर तरंगणारे आकार' असें लिहून मोकळे होतात. पृष्ठभाग वाचला म्हणजे तें वर्णन अपुरें ठरतें. आकार तरंगत नाहींत, ते त्या द्रवांतच बांधले गेले आहेत.

चित्र पुरें झालें हें कशावरून ठरवावयाचें, हा या पद्धतींतला सर्वांत कठीण निर्णय. मनुष्याकृति काढणारास डोळे, बोटें, दागिने पुरे झाले कीं थांबतां येतें. येथें तशी खूण नाहीं. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. थापटण्यानें एकेका संताचें डोकें थापटून त्यांनीं पक्कें मडकें कोणतें व कच्चें कोणतें तें सांगितलें, आणि नामदेव कच्चे ठरले. कथा आख्यायिकाच आहे, पण कुंभाराचा कान ही गोष्ट आख्यायिका नव्हे. गायतोंडे यांस तसा डोळा होता. त्यांच्या उत्तम चित्रांत एक थर आणखी दिला असता तर सर्व मळकट झालें असतें, एक कमी असता तर कोरेपण राहिलें असतें. वर्षाला पांचसात चित्रें या संख्येचा अर्थ आळसांत अगर समाधींत शोधण्यापेक्षां या निर्णयांत शोधणें मला सयुक्तिक वाटतें.

मात्र त्यांचें सगळेंच काम एका तोलाचें आहे असें म्हणणें म्हणजे भक्ति होईल, परीक्षण नव्हे. पन्नाशीच्या दशकांतील पहिल्या अर्धांतलीं त्यांचीं चित्रें पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराच्या छायेंत आहेत. रेषा नाजूक, रचना चतुर, पण आवाज उसना. त्याहून आधींचीं, कलाशाळेच्या काळांतलीं चित्रें मला अधिक महत्त्वाचीं वाटतात, आणि या त्रैमासिकाच्या वाचकांसहि वाटावींत. तेव्हां गायतोंडे बसोहली व जैन पोथ्यांतील लघुचित्रांचा अभ्यास करीत होते. आकृति हळूहळू वगळून आपण नुसतीं रंगांचीं प्रमाणें पाहूं लागलों, अशा आशयाचें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. हें विधान आपणांसारख्यांनीं ध्यानांत घेण्याजोगें आहे. कल्पसूत्राच्या पोथीचें पान आपण कितीदां पाहिलें असेल! तांबडी भूमि, त्यावर पिवळी देहकांति, कडेला निळ्याची पट्टी. आपण विचारतों, प्रसंग कोणता, लांछन कोणतें, पोथी कोणत्या शतकांतली. प्रसंग झांकून तांबड्यास निळें किती हें मोजणारा वाचक त्या पोथ्यांस फारसा मिळाला नाहीं. अमूर्त कला ही पश्चिमेकडून आयात झालेली वस्तु असें जे सरसकट म्हणतात, त्यांनीं गायतोंडे यांच्या बाबतींत तरी ही वंशावळ तपासून पाहावी. क्ले आला, न्यूयॉर्कहि आलें, पण पोथी त्यांच्या आधीं होती.

साठीच्या आरंभींचीं आडवीं चित्रें जाणत्यांस फार आवडतात. यांच्याच काळांतलें, १९६२ सालचें एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें घेतलेलें आहे. त्या काळांतल्या बऱ्याच चित्रांत रंगाच्या जाड गांठी आडव्या ओळींत बसतात आणि पाहणारास क्षितिज, गलबतें, धुकें दिसूं लागतें. त्यांत मला किंचित् कमकुवतपणा वाटतो. चित्रकार आकृति सोडूं पाहतो, पण समुद्र त्यास सोडीत नाहीं. १९६८ च्या सुमारापासून कॅनव्हास उभा झाला आणि क्षितिज मोडलें. पुढचीं दहाबारा वर्षें हा त्यांचा सर्वोत्तम काळ, असें माझें मत आहे. स्वतः गायतोंडे आपल्या कामास 'अमूर्त' म्हणण्यास राजी नसत. 'वस्तुनिरपेक्ष' हा शब्द त्यांस अधिक मान्य होता, आणि तो काटेकोर आहे. अमूर्त म्हटलें म्हणजे आधीं कांहीं मूर्त होतें व तें गाळलें असा भास होतो. या उभ्या पटांत गाळलेलें कांहींच नाहीं. जें आहे तें तेवढेंच. याच काळांतील कांहीं पटांत लिपीसारख्या खुणा येतात, आणि क्वचित् त्या खुणा इतक्या सुबक होतात कीं थर मागें पडून अलंकार पुढें येतो. अशा ठिकाणीं मी जरा सावध होतों.

झेन पंथाविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्यावांचून गायतोंडे यांजवरील एकहि लेख पुरा होत नाहीं. त्यांस झेनची ओढ होती, रमण महर्षि, जे. कृष्णमूर्ति व निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचें त्यांस प्रेम होतें, याविषयीं शंका नाहीं. शंका आहे ती हा पुरावा कशास लावावयाचा याची. पत्रावर 'श्री' आहे यावरून लेखक आस्तिक होता असें म्हणतां येईल. पत्रांतील जमाखर्च त्यावरून कळत नाहीं. झेन हें त्या चित्रांचें 'श्री' आहे. एखाद्या थराखालीं कोणता थर आहे आणि तो तेथें कां थांबला, हा जमाखर्च चित्रांतच पाहावा लागतो.

१९८४ सालीं त्यांस अपघात झाला व त्यानंतर कित्येक वर्षें मोठ्या कॅनव्हासचें काम अशक्य झालें. या अवधींत त्यांनीं कागदावर शाईचीं लहान रेखाटनें केलीं. बाजारांत तेलचित्रांचा बोलबाला असल्यामुळें या रेखाटनांकडे जितकें लक्ष जावयास हवें तितकें गेलेलें नाहीं, आणि माझी तक्रार येथेंच आहे. हीं रेखाटनें प्रथमदर्शनीं एखाद्या न उलगडलेल्या लिपीसारखीं दिसतात. मोडी वाचणारा मनुष्य त्यांपुढें उभा राहिला तर त्याचा डोळा सवयीनें काना शोधूं लागतो, वेलांटी शोधूं लागतो, आणि प्रत्येक वळणावर फसतो. पण हात मात्र ओळखूं येतो. लेखणी कोठें दाबली, कोठें उचलली, कोठें शाई संपत आली असतां तशीच ओढली, हें सर्व लिहिल्यासारखें स्पष्ट आहे. अर्थ काढून घेतला म्हणजे हस्ताक्षरांत काय उरतें, या प्रश्नाचा इतका प्रामाणिक पुरावा माझ्या पाहण्यांत दुसरा नाहीं. ज्यांनीं जन्मभर हस्ताक्षरें पारखलीं आहेत अशा मंडळींनीं हीं रेखाटनें पाहून आपला अभिप्राय लिहावा अशी माझी फार इच्छा आहे. चित्रकलेच्या टीकाकारांस तें काम एकट्यांनीं उरकण्यासारखें नाहीं.

शेवटीं एक व्यावहारिक बाब. गायतोंडे यांच्या चित्रांस आतां अफाट किंमत येते. २०१३ त मुंबईंतील एका लिलावांत त्यांचें १९७९ सालचें चित्र सुमारें २३ कोटी ७० लाख रुपयांस गेलें. २०२५ त १९७० सालच्या एका चित्रानें ६७ कोटींचा आंकडा ओलांडला. किंमत वाढली कीं वस्तु हिंडूं लागते, तिची डागडुजी होते, चौकट बदलते. आणि येथें धोका आहे. बहुतेक चित्रांस नांव नाहीं. 'शीर्षकविरहित' एवढीच त्यांची नोंद. एकास दुसऱ्यापासून वेगळें ओळखण्याचें साधन म्हणजे मागील बाजूस केलेली सही व घातलेलें साल, कित्येकदां देवनागरींतहि. पोथीच्या शेवटीं जशी पुष्पिका, तशी ही चित्राची पाठ. जीर्ण कॅनव्हासला मागून नवें कापड चिकटविण्याची रीत आहे. तसें केलें आणि आधीं छायाचित्र घेतलें नाहीं, तर पुष्पिका कायमची गेली. मालकांनीं चित्राच्या तोंडाइतकीच पाठीचीहि छायाचित्रें घेऊन ठेवावींत, व डागडुजी करणारांनीं पाठ झांकण्यापूर्वीं तिची अक्षरशः नक्कल करावी.

हें मी दुसऱ्यास शिकविण्याच्या थाटांत लिहीत नाहीं. पंचविशीच्या आंत असतांना मला आमच्याच जिल्ह्यांतील एका घरीं एका सचित्र पोथीचें सुटें शेवटचें पान मिळालें. कडा झडत होत्या. पान टिकावें म्हणून मीं मोठ्या उत्साहानें खळ करून त्याच्या पाठीस जाड कागद चिकटविला व चित्र वर घेऊन तें कांचेंत बसविलें. पाठीवर दोन ओळींचा मजकूर होता; तो मीं वाचला होता, पण उतरून घेतला नव्हता. पुढें तो कागद सोडविण्याचा यत्न केला तेव्हां रंग उठूं लागले म्हणून हात आवरला. तें पान अद्याप माझ्यापाशीं आहे. उजेडासमोर धरलें असतां मितीचे दोन आंकडे पुसट दिसतात. शक दिसत नाहीं, आणि लेखकाच्या नांवाचें पहिलें अक्षर 'म' आहे कीं 'भ' आहे तें मला आजहि सांगतां येत नाहीं.